वीतभर अंतर आणि बाबांची बटणं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. बाबा 74 वर्षांचे आहेत, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. चार वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. बाकी सगळं ते स्वतः करतात, पण शर्टाची बटणं लागत नाहीत. रोज सकाळी आई लावून देते (तिला मागच्या वर्षी पेसमेकर बसवला, तिलाही फार वेळ उभं राहणं होत नाही) आणि रोज त्यावरून दोघांचं वाजतं. आमचा चार वर्षांचा मुलगा मदतीला धावला की बाबा आणखीच चिडतात. टी-शर्ट नको, कुर्ता नको. "मी काय आजारी दिसून राह्यलो का?" म्हणतात. आमचा टेलर म्हणतो, बटणांच्या जागी मॅग्नेट टाकून देतो, ग्लूनं पक्कं बसते. टाकू का? दुसरं असं, की माझी बायको घरी कापडी बॅगा आणि मोबाईलचे बटवे शिवते. त्यांची मॅग्नेट बटणं दोन-तीन महिन्यांत उखडतात आणि गिऱ्हाईक माल परत आणतात. जास्त ताकदीचे चुंबक घ्यावेत का?
— एक वाचक, मानेवाडा

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. तुम्ही विचारलं बाबांच्या शर्टाचं, आणि ते सांगतेच. पण पेसमेकर आईला आहे आणि रोज सकाळी बाबांच्या शर्टासमोर उभी राहते तीही आईच. म्हणून आधी तिचं बोलू.

ताकदीचा चुंबक पेसमेकरच्या फार जवळ आला, तर पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघणं सोडतो आणि एका ठरावीक गतीनं ठोके द्यायला लागतो. चुंबक दूर गेला की पुन्हा नेहमीसारखा चालतो. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, पण रोज सकाळी हे घडू द्यायचं कारणही नाही. आईला बसवलेलं यंत्र नुसता पेसमेकर नसून शॉक देणारं असेल, तर गोष्ट जास्त गंभीर आहे. चुंबक जवळ असेपर्यंत त्या यंत्राचं शॉक देणं थांबू शकतं, म्हणजे नेमकं ज्या कामासाठी ते बसवलं तेच. यंत्रासोबत एक कार्ड मिळालेलं असेल, ते घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना हा शर्टाचा प्रश्न जसाच्या तसा विचारा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका, फोनवर विचारलं तरी चालेल.

डॉक्टर आणि पेसमेकर बनवणारे साधारणपणे सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर अंतर सांगतात. आपण घरात टेप घेऊन फिरत नाही, म्हणून मी एक वीत सांगते. वीत सहा इंचांपेक्षा मोठीच भरते आणि हात सगळ्यांकडे असतो. पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली (कॉलरबोन) छातीत असतो. तिथून वीतभर अंतरात चुंबक येता कामा नये.

आता मला जी खरी धास्ती वाटली ती सांगते. तुमच्या सौ. मोबाईलचे बटवे शिवतात, त्यांना मॅग्नेट बटण असतं. त्यातला एखादा बटवा सासूबाईंकडे गेलेला असणारच, घरचा माल म्हणून. आणि आपल्याकडच्या बायका बटवा कुठे खोचतात? ब्लाऊजमध्ये, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. शर्टाला चुंबक लावायचे की नाही हे आज तुम्ही विचारताय, पण चुंबक तुमच्या घरात आधीच पदराखाली जाऊन बसलेला असू शकतो. आजच बघा. असेल तर त्याचं बटण काढून चेन किंवा नाडी लावा. नुसता मोबाईलही तिथे नको. हल्ली कित्येक फोनमध्ये आतच चुंबक असतात, आयफोन 12 आल्यावर 2021 मध्ये अ‍ॅपलनं स्वतः हेच 15 सेंटिमीटर सांगितलं होतं. आणि बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत आपण पर्स छातीशी कवटाळून चालतो ना, ती सवयही आईंनी सोडायला हवी. खांद्याला लटकून कमरेशी आलेल्या बॅगेचं काही नाही.

आता बाबा.

त्यांचं "मी काय आजारी दिसून राह्यलो का" हे मला हट्ट वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षं जो माणूस प्रेसचा शर्ट घालून ऑफिसला गेला, त्याला शर्टच हवा असणार. अमेरिकेत डॉन हॉर्टन नावाचे एक फुटबॉल प्रशिक्षक होते. त्यांनाही कंपवात झाला. सामन्यानंतर शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा एका खेळाडूनं लावून दिली. धडधाकट पोरांना शिकवणारा माणूस, त्याला ते किती लागलं असेल बघा. त्यांच्या पत्नी मॉरा यांनी मग चुंबकाचे शर्ट तयार केले आणि पुढे तो धंदाच झाला. त्या शर्टांना समोरून बटणं दिसतात, पण ती नुसती शोभेची. बंद होतो तो चुंबकानं.

तेव्हा कल्पना चांगली आहे. टेलरची रीत मात्र वाईट आहे. ग्लू धुण्यात सुटतो. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत वाळत घातलेल्या शर्टावर तो किती टिकणार? आणि सुटलेला चुंबक घरात कुठेतरी पडणार, जिथे चार वर्षांचं लेकरू फिरतं. एक चुंबक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि भोक पडू शकतं. सुरुवातीला नुसतं पोट दुखतं, उलटी होते, घरच्यांना वाटतं बाहेरचं काही खाण्यात आलं. अशी नुसती शंका आली तरी थेट दवाखाना, केळं खाऊ घालून वाट बघणं नाही. चुंबक आणाल तेव्हा मोजून आणा, लावाल तेव्हा मोजून लावा, उरलेले कुलपात ठेवा.

ग्लूखेरीज दुसरा वैरी म्हणजे प्रेस. हे जे छोटे चकचकीत चुंबक मिळतात ते निओडिमियमचे. 1980 च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी ते निघाले. आमच्या लहानपणी मोडक्या स्पीकरमधून काढलेला काळा चुंबक असायचा, त्याच्या मानानं हे राक्षस आहेत. पण यांना उष्णता सोसत नाही. साध्या जातीचा चुंबक 80 डिग्रीच्या वर गेला की त्याची ताकद कायमची उतरायला लागते, आणि सुती कापडाची इस्त्री 200 च्या आसपास असते. चौकातल्या प्रेसवाल्याकडे शर्ट गेला की दोन-चार वेळांत खेळ खलास. त्याची इस्त्री लोखंडी असली तर आणखी गंमत, शर्टच इस्त्रीला जाऊन चिकटेल. पाण्याचंही तेच. वरचा निकेलचा मुलामा कुठे टवकला की आतला चुंबक गंजतो आणि बटणपट्टीवर तांबूस डाग उतरतात, ते काही केल्या जात नाहीत. हे मी माझ्या स्वतःच्या पांढऱ्या कुर्त्यावर शिकले.

म्हणून माझं सांगणं असं : चुंबक शर्टाला लावूच नका. सुट्या पट्टीला लावा आणि ती पट्टी शर्टात सरकवा.

कसं ते सांगते. एक जुना शर्ट घ्या, बाबांच्या नेहमीच्या मापापेक्षा थोडा सैल. पुढच्या काजपट्टीच्या आतल्या अंगानं मलमलीची इंचभर रुंद पट्टी दोन्ही कडांनी शिवून टाका, म्हणजे नाडीच्या नेफ्यासारखा बोगदा तयार होतो. खालून उघडा, वरून बंद. बटणांच्या बाजूला असाच बोगदा, पण तो शर्टाच्या बाहेरच्या अंगाला. शर्ट बंद झाला की तो झाकला जातो, कोणाला दिसत नाही. बाहेरच्या अंगाला का, तर दोन चुंबकांमध्ये जितके कापडाचे थर, तितकी पकड कमी. मलमल का, तेही त्याचसाठी. मधे मिलिमीटरभर जाडी वाढली तरी फरक हाताला कळतो. मूळ बटणं काढून काजांच्या वरच टाका, काजं दिसणार नाहीत आणि बाबांचा शर्ट शर्टासारखा दिसेल.

मग सुती फितीचे दोन तुकडे घ्या आणि त्यांच्यावर बटणांच्या अंतरानं चुंबक लावा. प्लॅस्टिकच्या कव्हरात बंद केलेले, कडेनं शिवता येतील असे चुंबक मिळतात, तेच घ्या. इतवारी-गांधीबागेत शिवणसामानाच्या दुकानांत विचारा, नाही तर ऑनलाइन मागवा. मशीनवर शिवू नका, सुईच चुंबकाकडे ओढली जाते आणि मोडते. हातानं टाके घाला. गळ्याचं बटण सोडून द्या, बाबा ते लावत नसतील. त्याखालची पाच पुरतात.

शिवण्याआधी तोंडं तपासा. प्रत्येक चुंबकाची जी बाजू समोरच्याला ओढते तिच्यावर मार्करनं टिंब काढा आणि मगच टाका घाला. मी पहिल्यांदा बहिणीसाठी असं शिवलं तेव्हा घाईत दोन उलटे लागले. पट्ट्या समोरासमोर आणल्या की एकमेकींना ढकलायच्या, अगदी जावा-जावांसारख्या. सगळं उसवावं लागलं.

सकाळी शर्टात पट्ट्या सरकवायच्या, खाली एक-एक टाका किंवा टिचबटण, की झालं. रात्री काढायच्या. शर्ट धुवायला जातो, प्रेसला जातो, चुंबक घरी. दोन्ही पट्ट्या लोखंडी कपाटाच्या दाराला वरच्या अंगाला चिकटवून ठेवा, पोराचा हात पोचणार नाही आणि आई कपाटाशी उभी राहील तेव्हा छातीच्याही वर राहतील. शर्ट दहा असोत, पट्ट्यांच्या दोन जोड्या पुरे.

पट्ट्या घालणं-काढणं, शर्टाच्या घड्या घालणं हे काम तुमचं, भाऊ. आईचं नाही, आणि बायकोवरही ढकलू नका. धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा आई छातीशी धरूनच आत आणत असतील. म्हणून पट्टी चुकून शर्टात राहिली नाही ना, हे रोज बघणारा एक माणूस हवा. पत्र तुम्ही लिहिलंय, तेव्हा तो माणूस तुम्ही.

डॉक्टर नाही म्हणाले, तर वाद घालू नका. त्याच जागी वेल्क्रोचे छोटे तुकडे लावा. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून ते सुचलं. चांगली गोष्ट आहे, फक्त तिला कपड्यांची लव चिकटते आणि उघडताना चर्रर्र आवाज येतो. बाबांना तो आवाज चारचौघांत आवडणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. आणखी एक साधं साधन आहे : जाड मुठीला तारेचा फासा. काजातून घालायचा, बटण पकडायचं आणि ओढायचं. ज्यांची बोटं थरथरतात पण मूठ नीट वळते, त्यांना याची सवय होते. टिचबटणं मात्र बाबांसाठी नकोत, ती दाबायला चिमटीत जोर लागतो, आणि नेमका तोच गेलेला असतो.

बाबांच्या मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्यांच्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुंबक नको. त्या तारांना जोडलेलं यंत्र छातीत असतं, त्यालाही चुंबक चालत नाही, जुन्या यंत्रांना तर मुळीच नाही. पत्रात तसं काही नाही, तरी विचारून घ्या. एमआरआयच्या दिवशी साधा शर्ट.

कफांना चुंबक लावू नका. हाताला चुंबक बांधून जेवायला बसल्यासारखं होतं. काही स्टीलच्या वाट्या-चमच्यांना तो चिकटत नाही, काहींना चिकटतो, आणि बरोबर वरणाची वाटी चिकटणाऱ्यातली निघते. कफाचं बटण काढून इलॅस्टिकच्या दोऱ्यानं पुन्हा टाका, मधे थोडी ढील ठेवा. बटण लावलेलं राहतं आणि हात आरपार जातो. दहा मिनिटांचं काम आहे, यासाठी डॉक्टरांना विचारायचीही गरज नाही. आज करा.

आणि वेळ. कंपवाताच्या गोळीचा अंमल सुरू झाल्यावर हात मोकळे होतात. गोळीआधी शर्ट घालायला लावलं तर भांडण ठरलेलंच. खुर्चीवर बसून, जास्त आखडलेला हात आधी बाहीत, मग दुसरा. चुंबक खालून वर जुळवत जावेत, नाही तर एक घर चुकतं आणि शेवटाला येईपर्यंत कळत नाही.

आता बॅगा. जास्त ताकदीचे चुंबक घेऊ नका, उलट लवकर उखडतील. तुमचं कापड फाटतंय, चुंबक सुटत नाहीये. परत आलेली एक बॅग हातात घेऊन बघा : अस्तरात दोन बारीक चिरा असतील आणि त्या लांबून एक झाल्या असतील. बटणाच्या मागचे पत्र्याचे दोन पाय त्या चिरांतून जातात. चुंबक जितका जोरदार, तितकं उघडताना कापडाला ओढणं जास्त. जोर धरायला मागे काहीच नसेल तर कापड जाणारच.

मागे आधार द्या. जुन्या जीन्सचा दोन इंचांचा चौकोन, त्यावर बक्रम (कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड), आणि मग बॅगेचं कापड. चिरा पायांच्या रुंदीएवढ्याच, कात्रीनं नाही, उसवणीच्या टोकदार हत्यारानं. पाय आत, मागून चकती, आणि पक्कडीनं पाय चकतीवर आडवे वाकवायचे. वर आणखी एक कापडाचा तुकडा चिकटवा, नाही तर त्या पायांच्या कडा आतून अस्तर कापत राहतात. हे सगळं अस्तर जोडायच्या आधी, नंतर हात पोचत नाही आणि मग माणूस शॉर्टकट मारतो. बाजारात 14 आणि 18 मिलिमीटरची बटणं सहज मिळतात. बटव्याला 14 चं, बॅगेला 18 चं. त्याहून मोठं कशाला?

दुसरा अर्धा भाग कुठे लावायचा हे बॅग रिकामी असताना ठरवू नका. आत डबा, पाण्याची बाटली घाला, झाकण पाडा आणि मग खूण करा. भरलेल्या बॅगेचं झाकण बोटभर वर सरकतं, बटणाशी बटण येत नाही आणि गिऱ्हाईक दरवेळी ओढून लावतं. झाकणाच्या टोकाला धरायला एक छोटी जीभ शिवा, म्हणजे उघडताना बटणाच्या शेजारूनच ओढ बसेल.

बॅगेचं बटण शर्टाच्या चुंबकापेक्षा घट्ट का वाटतं, हे तुमच्या सौ.ना कधीतरी पडलेलं कोडं असेल. फ्रिजवरचा चुंबक सरळ ओढून काढायला जोर लागतो, पण बाजूला सरकवला की अलगद सुटतो. शर्टाचे चपटे चुंबक असेच सरकतात, म्हणून शर्ट सैल हवा, पोटाशी ताणलेला नको. बॅगेच्या बटणात मधोमध लोखंडी खुंटी असते, ती समोरच्या भोकात बसते आणि सरकू देत नाही. ती खुंटी वाकलेली किंवा ढिली असलेला माल दुकानात हातानं उघड-मीट करून बघूनच घ्या. डझनाच्या पाकिटात एक-दोन तसे निघतातच.

बॅगेसोबत एक चिठ्ठी मात्र नक्की घाला : "या बॅगेत चुंबक आहे. पेसमेकर असलेल्यांनी छातीशी धरू नये." मागे काळी पट्टी असलेलं कार्डही बटणाला चिकटून ठेवू नये, हेही त्याच चिठ्ठीत येईल. गिऱ्हाईक कमी होतील असं सौ.ना वाटलं, तर त्यांना सांगा, घरातल्या एका गिऱ्हाइकाला आज हीच चिठ्ठी हवी होती.

पहिल्या शर्टाची बटणं निवडायला बाबांना सोबत न्या. बर्डीला पार्किंगचे हाल असतात, सकाळी अकराच्या आत जा, गोळीचा अंमल असेपर्यंत परत याल.